इव्हान पोद्दुब्नी

इव्हान माक्सिमोविच पोद्दुब्नी (८ ऑक्टोबर, १८७१ - ८ ऑगस्ट, १९४९) हे रशियन साम्राज्यातील व पुढे सोव्हिएत संघातील मल्ल, शक्तिप्रयोग करणारे सर्कस कलावंत आणि फ्रेंच पद्धतीच्या कुस्तीतील विश्वविजेते होते. युक्रेनियन भाषेत त्यांचे नाव पिद्दुब्नी असे उच्चारले जाते. गोदीवरील हमाल म्हणून आयुष्याची सुरुवात करणारे पोद्दुब्नी वयाच्या सत्तरीपर्यंत सर्कशीच्या रिंगणात उतरत होते.

जन्म व सुरुवातीचे दिवस

पोद्दुब्नी यांचा जन्म पोल्ताव्हा प्रांतातील क्रासेनिव्हका या गावी (आता युक्रेनच्या चेर्कासी प्रांतात) एका शेतकरी कुटुंबात झाला. हे कुटुंब आपला वंश झापोरोझिया कोसॅकांपर्यंत नेत असे. वडील माक्सिम हे अंगापिंडाने दांडगे होते आणि गावच्या सणासुदीला बापलेकांची पट्टा धरून खेळायची कुस्ती पाहण्यास लोक जमत. इव्हान हे थोरले अपत्य असल्याने कष्टाची कामे लहानपणापासूनच त्यांच्या वाट्याला आली.

विशीनंतर त्यांनी गाव सोडून क्रिमियाचा किनारा गाठला. एका सधन घरातील मुलीशी विवाह होण्यासारखी आर्थिक स्थिती नव्हती, म्हणून ते पैसा मिळवण्यासाठी बाहेर पडले, असे सांगितले जाते. सेवास्तोपोल आणि नंतर फिओदोसिया येथील बंदरांत त्यांनी जहाजांवरील माल चढवण्या-उतरवण्याचे काम केले. फिओदोसियात त्यांच्याबरोबर राहणारे नाविक विद्यालयाचे दोन विद्यार्थी नियमित व्यायाम करीत. शरीरबळ आणि कमावलेले शरीर यांतला फरक पोद्दुब्नी यांना प्रथम या सहवासात कळला.

सर्कशीत प्रवेश

१८९६ च्या सुमारास बेस्कारावायनी यांची सर्कस फिओदोसियात आली. त्या काळी रशियातील फिरत्या सर्कशींमध्ये शेवटचा खेळ कुस्तीचा असे आणि प्रेक्षकांपैकी कोणालाही मल्लांशी झुंजण्याचे आव्हान दिले जाई. पोद्दुब्नी उतरले आणि हरले. या पराभवानंतर त्यांनी दारू व तंबाखू सोडून जड वजनांचा सराव, थंड पाण्याची आंघोळ आणि आहाराचे नियम सुरू केले. काही काळाने ते सेवास्तोपोलला त्रुत्सी यांच्या सर्कशीत दाखल झाले. गोदीवरचे काम कायमचे सुटले.

त्रुत्सी व नंतर निकितिन बंधूंच्या सर्कशीत त्यांचा खेळ दुहेरी असे. कुस्तीत ते कमरेचा चामडी पट्टा धरून प्रतिस्पर्ध्याला उचलून टाकीत. शक्तिप्रयोगांत त्यांचा तारेच्या खांबाचा खेळ विशेष गाजला. खांद्यांवर आडवा खांब ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना माणसे लटकत, आणि अखेरीस खांब मोडून पडे. प्रवासात ते जवळ लोखंडी काठी बाळगत. तिचे वजन एक पूद, म्हणजे सुमारे १६ किलो असल्याचे सांगतात. कोणी सहज हाती घ्यायला गेले की त्याची फजिती होई.

निकितिन बंधूंची सर्कस कीवमध्ये असताना झुल्यावर कसरती करणाऱ्या मारिया दोझमारोव्हा यांच्याशी त्यांचा विवाह ठरला होता. विवाहापूर्वीच एका प्रयोगात त्या उंचावरून कोसळून मरण पावल्या. पोद्दुब्नी यांनी त्यानंतर काही काळ रिंगण टाळले.

पॅरिस आणि राऊल ल बुशे

१९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या व्यायामी संघाचे प्रमुख काउंट रिबोपिएर यांनी पोद्दुब्नी यांना बोलावून घेतले. पॅरिसमधील जागतिक स्पर्धेसाठी रशियाकडून एक मल्ल हवा होता. अडचण अशी, की तेथे फ्रेंच कुस्ती चाले. या प्रकारात कमरेखालची पकड निषिद्ध असते; आपल्याकडच्या मल्लाला पट काढण्यास वा टांग मारण्यास बंदी करावी, तसे. पट्ट्याच्या कुस्तीत मुरलेल्या पोद्दुब्नी यांना युजेन द पारी या प्रशिक्षकाने सुमारे तीन महिन्यांत नवी पद्धत शिकवली. तेव्हाच्या तपासणीत त्यांची उंची १८४ सेंमी व वजन ११८ किलो नोंदले गेले.

पॅरिसमध्ये त्यांनी एकामागून एक ११ लढती जिंकल्या. पुढची गाठ फ्रान्सच्या राऊल ल बुशे या तरुण मल्लाशी पडली. लढत सुरू झाल्यावर राऊलच्या अंगावरून घामासारखे काही ओघळू लागले व कोणतीच पकड टिकेना. ते ऑलिव्ह तेल होते. पोद्दुब्नी यांनी तक्रार केली तेव्हा पंचांनी लढत न थांबवता दर पाच मिनिटांनी राऊलचे अंग पुसण्याचा उपाय काढला. तेल पाझरतच राहिले. शेवटी पोद्दुब्नी यांच्या पकडींतून सफाईने निसटल्याबद्दल राऊलला विजयी घोषित करण्यात आले. या निर्णयाचा पोद्दुब्नी यांच्या मनावर इतका परिणाम झाला, की कुस्ती सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता.

पुढील वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या चिनिझेली सर्कशीत राऊल पुन्हा समोर आला. या वेळी पोद्दुब्नी यांनी त्याला गुडघ्या-कोपरांवर आणले आणि लगेच चीत न करता सुमारे २० मिनिटे तसेच दाबून धरले. प्रेक्षक शिट्ट्या वाजवत होते. पंचांनीच अखेर राऊलची सुटका केली.

१९०५ मध्ये पॅरिस येथे डेन्मार्कच्या येस पेडर्सनला हरवून पोद्दुब्नी विश्वविजेते झाले आणि १९०९ पर्यंत हा किताब त्यांच्याकडे राहिला. मात्र त्या काळी व्यावसायिक कुस्तीची एकच मान्यताप्राप्त संस्था नव्हती. ठेकेदार आपापल्या स्पर्धांना जागतिक म्हणवीत आणि एकाच वर्षी अनेक विश्वविजेते निपजत. पोद्दुब्नी यांचे स्थान किताबांपेक्षा त्यांनी हरवलेल्या मल्लांच्या यादीवरून ठरवणे अधिक योग्य आहे.

ते कधीच हरले नाहीत, हा लोकप्रिय समज खरा नाही. १९०७ च्या अखेरीस लंडनमध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्को याच्याविरुद्ध आडदांडपणाबद्दल त्यांना बाद ठरवले गेले. हाच झ्बिस्को १९१० मध्ये लंडनला गामा पहिलवानाशी बरोबरीत राहिला व १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाकडून एका मिनिटाच्या आत चीत झाला.

ठरवलेल्या कुस्त्या आणि निवृत्ती

सर्कशीतील कुस्ती हा खेळ होता तसा धंदाही होता. महिनाभर चालणाऱ्या स्पर्धेत कोणी कोणत्या दिवशी पडायचे, हे बहुधा ठेकेदार आधी ठरवीत. खरी लढत क्वचितच होई. पोद्दुब्नी या व्यवस्थेचाच भाग होते, परंतु पैसे घेऊन पाठ टेकण्यास ते नकार देत. त्यामुळे ठेकेदारांशी त्यांचे खटके उडत.

१९१० मध्ये त्यांनी कुस्ती सोडून गावी जमीन घेतली, गिरण्या उभारल्या आणि अंतोनिना क्वित्को-फोमेन्को यांच्याशी विवाह केला. शेतीचा हिशेब त्यांना जमला नाही. एक गिरणी त्यांच्या भावाच्या हातून जळाली, कर्ज वाढले आणि १९१३ मध्ये बेचाळिशीच्या घरात असलेले पोद्दुब्नी पुन्हा रिंगणात आले.

क्रांती व अमेरिका

यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडील शहरे आज एका सैन्याच्या, तर उद्या दुसऱ्याच्या ताब्यात जात आणि सर्कस दोघांसमोरही खेळ करी. ओडेसामध्ये नामसाधर्म्यामुळे त्यांना दुसराच कोणी गुन्हेगार समजून अटक झाली होती, असे सांगतात. याच धामधुमीत अंतोनिना एका श्वेत सैन्याधिकाऱ्याबरोबर निघून गेल्या व जाताना त्यांनी पोद्दुब्नी यांची पदकेही नेली. १९२० च्या दशकात त्यांनी मारिया माशोशिना या विधवेशी विवाह केला. हा संसार अखेरपर्यंत टिकला.

पैशांच्या गरजेपोटी ते जर्मनी व तेथून अमेरिकेत गेले. चोपन्नाव्या वर्षी त्यांना पाय धरण्याची मुभा असलेली मुक्त कुस्ती नव्याने शिकावी लागली. प्रेक्षक लोटत होते, पण १९२६ मध्ये जो स्टेचर या अमेरिकन विजेत्याने त्यांना हरवले. कराराच्या अटींमुळे कमाईचा मोठा भाग तेथेच अडकला आणि १९२७ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या हाताने परतले.

येय्स्क येथील अखेरची वर्षे

परतल्यावर अझोव्ह समुद्राकाठच्या येय्स्क गावी त्यांनी घर घेतले. १९३९ मध्ये त्यांना श्रमाच्या लाल ध्वजाचे पदक मिळाले. १९४२ मध्ये जर्मन सैन्याने येय्स्क व्यापले. पोट भरण्यासाठी पोद्दुब्नी यांनी बिलियर्ड खोलीत काम धरले व तेथेही ते सोव्हिएत पदक छातीवर लावून वावरत. जर्मनीत जाऊन मल्ल तयार करण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारल्याचे सांगितले जाते. गाव मुक्त झाल्यावर शत्रूच्या राजवटीत काम केल्याबद्दल त्यांची चौकशी झाली, पण शिक्षा झाली नाही. १९४५ मध्ये त्यांना सन्माननीय क्रीडानिपुण हा किताब देण्यात आला.

किताबाने शिधा वाढला नाही. शिधापत्रिकेवरील पाव त्यांच्या देहाला पुरत नसे. अन्नासाठी पदके विकण्याची वेळ त्यांच्यावर आली. पुढे पडल्याने मांडीचे हाड मोडले, ते जुळले नाही आणि कुबड्या कायमच्या लागल्या. ८ ऑगस्ट, १९४९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांना येय्स्कमधील उद्यानात पुरण्यात आले. हे उद्यान आता त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि तेथे त्यांचे संग्रहालय आहे.

त्यांच्या जीवनावर १९५७ मध्ये मल्ल आणि विदूषक या अर्थाच्या नावाचा सोव्हिएत चित्रपट आला. त्यात स्तानिस्लाव्ह चेकान यांनी पोद्दुब्नी यांची भूमिका केली. २०१४ च्या पोद्दुब्नी या रशियन चित्रपटात ती मिखाईल पोरेचेन्कोव्ह यांनी साकारली. त्यांच्या स्मरणार्थ कुस्तीच्या स्पर्धा भरवल्या जातात. ते रशियन की युक्रेनियन, हा वाद दोन्ही देशांत आजही चालू आहे.