गोपाळ गणेश आगरकर

आपले वाशिम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्याच अकोल्यात एक गरीब मुलगा शिकायला आला आणि १८७५ साली मॅट्रिक झाला. तेच गोपाळराव आगरकर. त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. पुण्याच्या कॉलेजात त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा, सकाळी घालायचा.

तेथे त्यांनी इंग्रज विचारवंत स्पेन्सर यांची पुस्तके वाचली. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथावरून तेव्हा मोठा वाद चालला होता. सजीव सृष्टी ईश्वराने आहे तशीच घडवली, की ती हळूहळू बदलत आली? आगरकरांना दुसरे मत पटले. सृष्टीचा कर्ता आहे की नाही, हे माणसाला कळणे शक्य नाही, असे ते म्हणत. आपण श्रद्धावान माणसे. आपल्याला हे पटणार नाही. पण त्यांनी आपले मत कधी लपवले नाही.

चालीरीतीही माणसांनीच घडवल्या, म्हणून त्या बदलता येतात, असे ते १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रात लिहू लागले. लोक चिडले. ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली! घरी मात्र पत्नी यशोदाबाईंच्या पूजाअर्चेच्या आड ते आले नाहीत.

दम्याने खंगून १८९५ साली ते वारले. तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या उशाखाली एक पुडी सापडली. तिच्यात अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे होते.