हरिश्चंद्राचा कारखाना

सुरुवातीलाच कबूल करते की मी काही सिनेमाची अभ्यासक नाही. घर रोह्याला, आजोळ पेणला. सुटीत जिथे असेन तिथे हाती लागेल तो चित्रपट पाहायचा आणि बरा होता, कंटाळवाणा होता, एवढे मत देऊन मोकळे व्हायचे, अशी माझी रीत. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी लागोपाठ तीन चित्रपट पाहिले, मत दिले, आणि ते मला परत घ्यावे लागले. हे कसे घडले ते सांगायचे तर एका माणसाचे चरित्र सांगावे लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

पेणला माझ्या मामांचा गणपतीचा कारखाना आहे. पेण काय, हमरापूर-जोहे काय, त्या दिवसांत तिथे घराघरांत माणसांपेक्षा मूर्तींनाच जागा जास्त. मीही दरवर्षी हाताखाली जाते. साच्यातून काढलेल्या मूर्तीवर पाण्याचा हात फिरवणे, घासकाम करणे, उंदीर मोजणे, असली कामे माझ्याकडे. कॉलेजात मात्र मी मामांकडे अभ्यासाला जाते, असेच सांगत आले. मातीत हात घालते, हे सांगायला का कोण जाणे, जीभ अडायची.

त्या दिवसांत रात्री जेवणे झाल्यावर मामेभावाने लॅपटॉपवर परेश मोकाशी यांचा २००९ सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला. फार आवडला. नंदू माधव यांचे फाळके पाहून आम्ही सगळे पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे पाहिली आणि तिसऱ्या दिवशी ‘कालियामर्दन’. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना मी पुन्हा हसले. पण हे हसणे निराळे होते. नाकीडोळी पुरुषच असलेली तारामती लुगडे सावरत येते, तिच्या दासीही पुरुषच, आणि हौदातल्या स्नानाचा प्रसंग तर विचारू नका! हा काय सिनेमा, असे मी मोठ्याने म्हणून टाकले.

मामा कोपऱ्यात बसून पाहत होते. त्यांनी मला शांतपणे विचारले की राजाचा मुकुट कशाचा केला असेल, विश्वामित्राच्या ज्वाळांतून त्या शक्ती एकदम प्रकट कशा झाल्या, आणि एवढा उजेड त्यांनी कुठून आणला असेल. मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मी गोष्ट पाहत होते, मामा काम पाहत होते. त्या रात्री झोप लागली नाही. रोह्याला परतल्यावर ग्रंथालयातून फाळक्यांविषयी मिळेल ते आणून वाचले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगाही शास्त्री व्हावा अशी घरची अपेक्षा. पण मुलाचा ओढा चित्रांकडे आणि नकलांकडे. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे त्याने चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे सगळेच शिकून घेतले. मूर्तिकाम हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर बसले. म्हणजे हा माणूस मुळात आमच्यातलाच होता!

शिकून झाल्यावर गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी लागली, पण स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी सरकारी चाकरी सोडली. मग लोणावळ्याला छापखाना काढला. पेणहून खोपोलीमार्गे घाट चढले की लोणावळा येते. आम्ही किती वेळा तिथून गेलो असू, पण चिक्कीपलीकडे तिथले काही आठवत नाही. त्याच लोणावळ्यात हा माणूस राजा रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रे छापण्याचे काम करीत होता. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, तेव्हा जम बसलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळीस. पदरात पोरेबाळे. हाती काम नाही.

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. या जागी मी थांबले. कारण इथे फाळके अगदी माझ्यासारखे, तिकीट काढून बसलेले एक प्रेक्षक होते. त्या थिएटरात त्या दिवशी पुष्कळ लोक बसले असतील. त्यांनी चित्रपट पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. फाळक्यांना मात्र पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना राम आणि कृष्ण दिसू लागले. ही चित्रे आपल्या देशात, आपल्या माणसांनी का करू नयेत, हा विचार डोक्यात घेऊन ते घरी आले आणि लगेच सरस्वतीबाईंना तोच खेळ दाखवायला घेऊन गेले. घरात रोजच्या खर्चाची ओढाताण, आणि तिकिटांचे पैसे म्हणे शेजारपाजाऱ्यांकडून उसने आणलेले!

त्यानंतर ते रोज चित्रपट पाहू लागले, दिवसदिवस त्याच विचारात राहू लागले. पुस्तके, सामानाच्या किंमतींच्या याद्या, छोटासा कॅमेरा, जागरणे. या ताणाने डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासेच झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, तेव्हा पुन्हा तेच सुरू. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांशी ओळख काढली, त्यांच्याकरवी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत जाऊन चित्रपट कसा करतात ते पाहिले, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या सुरुवातीस परत आले.

पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी पहिल्याने काय चित्रित केले? कुंडीत पेरलेला वाटाणा. रोज थोडे थोडे चित्र घेत त्यांनी दाण्याचा कोंब, कोंबाचे रोपटे, असे सगळे एका मिनिटाच्या आसपास पडद्यावर आणले. वालाला मोड आणणे हे आमच्या घरी नित्याचे. पण त्या वाढीकडे असे कोणी टक लावून बसल्याचे मला आठवत नाही.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. दत्तात्रय दामोदर दबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामती मात्र मिळेना. जाहिराती दिल्या, स्त्रिया येईनात. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे हे नाजूक बांध्याचे गृहस्थ तारामती झाले. ज्यांना मी हसले ते हेच. चार वर्षांनी, १९१७ साली, ‘लंकादहन’मध्ये याच साळुंख्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. सिनेमात काम करणे त्या काळी इतके हलके मानत की, फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते म्हणतात, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगावे. म्हणजे त्यांना जी गोष्ट लपवायला कारखाना हा शब्द लागला, तो खराखुरा कारखाना लपवायला मला अभ्यास हा शब्द लागत होता!

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. आज जी रिळे आपण पाहतो ती याच चित्रपटाची की १९१७ साली फाळक्यांनी तो पुन्हा काढला त्याची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काहीही असो, त्या रिळांमागे दादरच्या एका घरात राबलेला एक संसार आहे. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. उन्हाचा उजेड पात्रांवर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभ्या राहत. रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत, ती धुऊन काढायला मदत करीत. दागिने तर केव्हाच गेले होते. मी पाहिलेल्या रिळांत त्यांचे नाव मला कुठे आढळले नाही.

हे वाचताना डोळ्यांपुढे मामी आली. आमच्याकडे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे सर्वांत नाजूक काम. पूर्वी मामा करीत. मोतीबिंदूनंतर ती मामीच करते. रात्री घर निजले की दिव्याखाली बसून, श्वास रोखून ती रेघ ओढते. पाटीवर मामांचे नाव आहे. गिऱ्हाईक आखणीची तारीफ करते तेव्हा मामा मामीकडे बोट दाखवतात, आणि ती चहा ठेवायला आत जाते.

आता ‘कालियामर्दन’विषयी. १९१९ सालचा हा चित्रपट मला मनापासून आवडला, आणि हे मत मी परत घेणार नाही. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी यात कृष्ण झाली आहे. आरंभी ती केवळ चेहऱ्याने निरनिराळे भाव दाखवते, मग कृष्णाच्या वेषात दिसते. झोपलेल्या सावकाराची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधून ठेवणारा तो कृष्ण पाहून मामांच्या धाकट्या नातीने टाळ्या पिटल्या. शंभर वर्षांनंतर पेणच्या एका पडवीत मुलाला हसवणे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’बद्दलचे मत मात्र थोडे बदलले. चित्रपट उत्तमच आहे. पण तो यशाच्या शिखरावर थांबतो. पुढची तीस वर्षे त्यात नाहीत. १९१८ मध्ये भांडवलदारांसह काढलेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत मतभेद झाले, फाळके कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले, नाटक लिहिले, काही वर्षांनी परत आले. तोवर १९३१ साल उजाडले आणि चित्रपट बोलू लागला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मुका निघाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ साली आला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. वाटाण्याचा कोंब पाहायला ज्याच्याकडे सवड होती, त्याच्याकडे पाहायला मग कोणाला सवड राहिली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.

यात दोष कोणाचा? भागीदारांचा असेल, त्यांच्या हट्टी स्वभावाचाही असेल. पण थोडा आम्हा प्रेक्षकांचाही आहेच. आम्ही नवे पाहायला धावतो आणि जुन्याला हसतो. हसायला हरकत नाही. तारामतीला मी आजही हसेन. फक्त हसून झाल्यावर तो मुकुट कशाचा, चादर कोणी धरली, एवढे विचारायची सवय मी लावून घेणार आहे.

नंतरच्या सुटीत पेणला गेले तेव्हा मामीने आखणी शिकतेस का म्हणून विचारले. आधी दोनदा विचारले होते, तेव्हा मी टाळले होते. या वेळी बसले. पहिले दोन दिवस तिने मला केवळ उंदरांचे डोळे करायला दिले. त्यातले बरेचसे तिरळे झाले. मामीने एक अक्षर न बोलता ते पुसून पुन्हा माझ्यापुढे ठेवले. आता कोणी विचारलेच तर सांगते, मी पेणला मामांच्या कारखान्यात काम करते.