वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे

मुलांनो,

शिवाजी महाराज, झाशीची राणी, लोकमान्य टिळक यांच्या गोष्टी तुम्ही वर्गात ऐकल्या आहेत. या अंकात आम्ही अशा एका मराठी माणसाची ओळख करून देत आहोत, जो आपल्यासारखाच घरापासून फार दूर राहिला. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

पांडुरंगांचा जन्म १८८४ साली वर्ध्याला झाला. शाळेत असल्यापासून त्यांना एकच ध्यास होता, तो म्हणजे देश स्वतंत्र करायचा. त्यासाठी लष्करी शिक्षण हवे होते, पण भारतात ते मिळणे शक्य नव्हते. म्हणून ते आधी जपानला आणि तिथून १९०७ च्या सुमारास अमेरिकेला पोहोचले. खिशात फारसे पैसे नव्हते. मिळेल ते काम करून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या लष्करी शाळेत शिक्षण घेतले. पुढे ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत ते शेतीशास्त्र शिकले.

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दाट जंगले होती आणि गावे नवी नवी वसत होती. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि शेतांवर हजारो भारतीय राबत होते. त्यांतले बहुतेक पंजाबातले शीख होते. कित्येकांनी ब्रिटिश सैन्यात नोकरी केली होती. ते लढायला नव्हे, चार पैसे कमवायला आले होते. मग ते स्वातंत्र्यासाठी लढायला कसे तयार झाले?

सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने भारतीयांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. १९०८ साली कॅनडाने नियम केला की, आपल्या देशातून निघून वाटेत कुठेही न थांबता येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. भारतातून असे थेट येणे जवळजवळ अशक्यच होते! कॅनडाही त्याच साम्राज्यात होता आणि हे लोकही त्याच राजाचे प्रजाजन होते. ज्या राजासाठी आपण बंदूक उचलली, त्याचे सरकार आपल्या पाठीशी उभे राहत नाही, हे त्यांना कळून चुकले. गुलाम देशाच्या माणसाला परदेशातही मान नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

खानखोजे या मजुरांत मिसळले. १९१३ साली या लोकांनी एक संघटना उभी केली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष होते आणि लाला हरदयाळ चिटणीस. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांचे ‘गदर’ हे वर्तमानपत्र निघाले. गदर म्हणजे बंड. आधी उर्दूत आणि मग पंजाबीत निघालेला हा अंक जगभरच्या भारतीयांपर्यंत जाई. पुढे संघटनेलाच गदर पक्ष म्हणू लागले. लष्करी तयारीची बाजू खानखोजे पाहत.

१९१४ साली ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ भारतीयांना घेऊन व्हँकूव्हरला आले. दोन महिने बंदरात अडवून ठेवल्यावर बहुतेकांना परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि गदरचे अनेक लोक उठाव करण्यासाठी भारतात परतले. फेब्रुवारी १९१५ चा बेत फितुरीमुळे फसला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात ७ जणांना फाशी झाली. त्यांत १९ वर्षांचे कर्तारसिंग सराभा होते आणि पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळेही होते.

खानखोजे त्या वेळी इराणात इंग्रजी फौजांशी लढत होते. युद्ध संपले, पण मायदेशाचे दार त्यांना बंदच राहिले. १९२४ साली ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या चांगल्या जाती तयार करण्यासाठी त्यांनी खूप काम केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले.

भारत स्वतंत्र झाला तरी इंग्रजांच्या जुन्या काळ्या यादीत त्यांचे नाव होतेच. त्यामुळे परतण्याची परवानगीही त्यांना सहज मिळाली नाही. अखेर ते मायदेशी आले, नागपूरला राहिले आणि १९६७ साली तिथेच वारले.

मुलांनो, आपण ब्रिटनमध्ये राहतो. तुमच्यापैकी बरेच जण इथेच जन्मलात. मग इंग्रजांशी लढलेल्या माणसाचा अभिमान बाळगायचा की नाही, असा प्रश्न तुम्हांला पडू शकतो. आम्हां मोठ्यांनाही तो पडतो. आम्हांला वाटते, हे लोक अन्यायाशी लढले, शेजाऱ्याशी नव्हे. आणि एक वर्ध्याचा मराठी मुलगा पंजाबी मजुरांना आपले मानू शकला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढच्या वर्गासाठी: नकाशावर वर्धा, सॅन फ्रान्सिस्को, व्हँकूव्हर, लाहोर आणि मेक्सिको शोधा. आई-बाबा किंवा आजी-आजोबा या देशात आले, त्या पहिल्या वर्षाची एक आठवण त्यांना विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहून आणा. पालकांनी सांगावे, पण लिहून देऊ नये!