सिनेमाआधीचे फाळके

चित्रकला शिकून पुढे काय करणार, हा प्रश्न आमच्या घरी हल्ली रोज निघतो. इंटरमिजिएट ड्रॉइंगचे प्रमाणपत्र ट्रंकेत आहे, बी. ए. झाल्यावर कलाशाळेत जावे असे मला वाटते. घरच्यांना वाटत नाही. या भांडणात मला दादासाहेब फाळके आठवतात, पण १९१३ चे नव्हेत. 'राजा हरिश्चंद्र'चे फाळके सर्वांना पाठ आहेत. त्याआधीचा, सारखा धंदा बदलणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी अर्ध्या पानात उरकला जातो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत गेले. पुढे बडोद्याला कलाभवनात. प्रा. गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने काढलेल्या या संस्थेत चित्रकलेबरोबर हाताचे उद्योगही शिकवीत. फाळक्यांनी तेथे रंगकाम, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटोग्राफी, ठसे करण्याची विद्या, जे दिसेल ते शिकून घेतले.

इतके शिकल्यावर पोट सुखाने भरले असेल असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. गोध्र्याला त्यांनी फोटोचे दुकान थाटले. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले, दुकानही गेले. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले. १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. आमच्या घरी हे वाचून दाखवले तेव्हा सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. पण स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत फाळक्यांनी तीही सोडली! पुढे लोणावळ्याला छापखाना. रविवर्म्याच्या छापखान्याचे काम त्यांच्याकडे येई. नंतर छापखाना दादरला आला, १९०९ मध्ये यंत्रांसाठी जर्मनीची वारी झाली, आणि धंदा जरा उभा राहतो न राहतो तोच भागीदारांशी बिनसले. फाळके नेसत्या वस्त्रानिशी म्हणावे तसे बाहेर पडले. वय चाळिशीचे.

ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा त्यांनी पाहिला तो यानंतर. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून लोकांना दाखवली. सिनेमाला देखावे रंगवायचे होते, ते पडद्यांवर शिकून झाले होते. फिल्म धुवायची रसायने फोटोच्या दुकानातली. देव एकाएकी प्रकट व्हायचे, तेथे जादू उपयोगी पडली. 'हरिश्चंद्रा'साठी त्यांना नवे असे फार थोडे शिकावे लागले असावे, असे माझे मत आहे.

मात्र घरच्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने या उद्योगात गहाण पडले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत, आणि तो आवरला की रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडीत, फिल्म धूत. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसावे लागले, ही गोष्ट सर्वजण हसून सांगतात. भोके पाडणारीची गोष्ट कमी सांगितली जाते. आईला मी ही सांगितली तेव्हा तिने फक्त विचारले, दागिने सुटले का?

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि चालला. पाच वर्षांनी नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तेथेही भागीदारांशी पटले नाही. मग बोलपट आले आणि फाळके मागे पडले. कोल्हापूरसाठी काढलेला 'गंगावतरण' हा १९३७ चा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला वारले, तेव्हा हाताशी फारसे काही नव्हते. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.