पराभूताच्या मतांनी ठरविलेला राष्ट्रपती

नागपूर : देशाचा राष्ट्रपती पहिल्या फेरीत नव्हे, तर दुसऱ्या पसंतीच्या मतांवर ठरावा, असा प्रसंग १९६९ साली आला. त्या निकालाची किल्ली तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या एका मराठी उमेदवाराच्या मतांत होती. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. प्रशासक म्हणून त्यांची घडण नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली होती.

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. केंब्रिजला शिक्षण घेतल्यावर १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेत सर्वप्रथम आले. त्यानंतर सुमारे दोन दशके त्यांनी मध्यप्रांताची सेवा केली. महसूल व वित्त खात्यांचे सचिवपद त्यांनी येथेच सांभाळले.

१९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० साली केंद्रीय अर्थमंत्री. मात्र मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याचा केंद्राचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी भूषविले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. परंतु पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा कल अपक्ष व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे होता आणि त्यांनी सदस्यांना सद्सद्विवेकबुद्धीने मतदान करण्याचे आवाहन केले. जनसंघ व स्वतंत्र पक्षाने देशमुखांना उभे केले. त्या काळात नागपूरच्याच मॉरिस कॉलेजचे माजी विद्यार्थी, सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला हे हंगामी राष्ट्रपती होते.

या निवडणुकीत केवळ डोकी मोजली जात नाहीत. खासदार व आमदारांच्या मताला लोकसंख्येनुसार ठरलेले मूल्य असते. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य १७५, तर खासदाराचे ७०० होते. शिवाय मतदार पसंतीक्रम देतो. कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात.

२० ऑगस्टच्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. देशमुखांची सर्व मते रेड्डींकडे वळली असती, तर त्यांची बेरीज ४,२६,३१७ होऊन तेच राष्ट्रपती झाले असते. बहुतांश मते वळलीही. मात्र काही गिरींकडे गेली, तर काहींवर पुढची पसंतीच नव्हती. अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले. काही महिन्यांतच काँग्रेस दुभंगली.

अमेरिकेतही अध्यक्ष थेट लोकमतावर ठरत नाही. ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० मिळविणारा जिंकतो. बहुतेक राज्यांत आघाडीवरच्यालाच राज्याची सारी निर्वाचक मते मिळतात. २००० साली देशभरात अधिक मते मिळवूनही अल गोर हरले. फ्लोरिडात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तेथील २५ निर्वाचक मते त्यांनाच मिळाली. त्याच राज्यात राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते पडली होती. परंतु दुसरी पसंती नोंदविण्याची सोयच नसल्याने ती तेथेच थांबली. देशमुखांची मते पराभवानंतरही मोजली गेली, हा दोन्ही पद्धतींमधला मूलभूत फरक आहे.

देशमुखांना १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा अर्थतज्ज्ञ राष्ट्रपती भवनात पोहोचला नाही. तेथे कोण जाणार, हे मात्र त्याच्या मतदारांनी ठरविले.