रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर

मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा लौकिक आहे, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. १८३६ साली, ऐन तारुण्यात, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. परंतु वैयाकरण दादोबांहून धर्मचिंतक दादोबांचे चरित्र ज्ञातिसंस्थेच्या घटकांना अधिक मननीय वाटावे असे आहे.

त्या काळी आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर मनुष्यास स्वतः शोधावे लागत नसे. कोणाच्या पंक्तीस बसावयाचे, कोणाच्या हातचे पाणी वर्ज्य मानावयाचे, यांवरूनच ते ठरे. ज्ञातीने वाळीत टाकिले म्हणजे घरची लग्नकार्ये अडत आणि प्रेतास खांदा देण्यासही कोणी धजत नसे. श्रद्धा व भय यांची अशी गुंफण झाली होती की, आपण नियम पाळतो ते कोणत्या कारणाने, हे पाळणारासही सांगता येऊ नये.

दादोबांनी या समजुतीस हात घातला. १८४४ साली सुरतेस दुर्गाराम मेहता प्रभृतींसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापिली. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. ईश्वर एक आणि मनुष्यमात्राची जाती एक, हे तिचे मुख्य तत्त्व. सभासद होऊ इच्छिणारास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे. मात्र हे सर्व गुप्तपणे चाले. १८६० साली सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली; नावे उघड होणार म्हणून एकच गाळण उडाली आणि सभा मोडली. जातिभेद बुद्धीने टाकिलेल्यांच्या मनातही ज्ञातीचे भय शिल्लक होते, हेच यावरून दिसून आले.

तथापि ते बीज वाया गेले नाही. १८६७ साली मुंबईत उघडपणे स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांत दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे अग्रभागी होते. खुद्द दादोबांनी परंपरेशी नाते तोडिले नाही. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली व आपल्या मातापित्यांच्या नावांवरून तिचे नाव यशोदापांडुरंगी असे ठेविले. रूढी सोडूनही मनुष्य आपल्या माणसांचा राहू शकतो, याची ही साक्षच होय. १८८२ साली ते निवर्तले.

ज्ञातीचा आधार मोठा खरा. परंतु तिच्या धाकाने आपले प्रामाणिक मत लपवून ठेवण्याची पाळी आपल्या मुलाबाळांवर येऊ नये, एवढी दक्षता आपल्यासारख्या संस्थांनी घेतली तरी दादोबांचे स्मरण सार्थ होईल.