पळसगावचे नाईक यशवंत घाडगे

राष्ट्रीय सणाच्या दिवशी धरमपेठेतून अनेकजण मुलाबाळांसह सीताबर्डीचा किल्ला पाहावयास जातात. 1817 च्या नोव्हेंबरात येथे भोसल्यांची फौज कंपनीच्या फौजेशी झुंजली. त्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी किल्ल्यात आहेत. कंपनीच्या बाजूचे बहुसंख्य शिपाई हिंदीच होते, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. परक्या सरकारच्या चाकरीत जो पडला, त्याला आपला म्हणावयाचे की नाही? सीताबर्डीपुरता हा प्रश्न इतिहासजमा झाला असेल. यशवंत घाडगे यांच्यापुरता तो झालेला नाही.

घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव; जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. या मुलखात शेती पावसाळ्यापुरती. उरलेल्या पोटासाठी मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण. घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत गेले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक म्हणून एका तुकडीचे नेतृत्व करीत होते.

10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीचे वरचे खोरे. जर्मन मशीनगनचा मारा अगदी जवळून झाला आणि घाडगे सोडून तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. मागे हटले असते तर कोणी दोष दिला नसता. ते एकटे पुढे धावले. हातबॉम्बने गन व गोलंदाज निकामी केला, टॉमीगनने दुसऱ्यास टिपले. नवे मॅगझिन चढविण्यास अवधी नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. ठाणे हाती आले. पण दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत व पाठीत शिरून तेथेच त्यांचा अंत झाला. नोव्हेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो स्वीकारण्यास मागे राहिली होती त्यांची पत्नी.

1939 मध्ये हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले गेले, म्हणून नागपुरातील मध्यप्रांताच्या मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला. तो योग्यच होता. पण त्या निषेधाचे ओझे पळसगावच्या शेतकऱ्याच्या मुलावर टाकणे न्यायाचे नव्हे. युद्धात उतरावे की नाही, हे ठरविणाऱ्यांत तो नव्हता. आणि त्याच्यासमोर उभी होती ती हिटलरची फौज. इटलीच्या त्या मोहिमेत 5,782 हिंदी सैनिक कामी आले. स्वतंत्र भारताची शौर्यपदके 15 ऑगस्ट 1947 पासूनची, आणि 2019 मध्ये दिल्लीत उभारलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावरील नावेही स्वातंत्र्योत्तर लढायांतील. तारखेची रेघ कोठेतरी ओढावी लागते हे खरे. पण रेघेच्या अलीकडे कोणी आणि पलीकडे कोणी, हे मरणाऱ्याने ठरविलेले नसते.

घाडगे यांचे नाव इटलीत कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै 2023 मध्ये टायबरच्या त्याच खोऱ्यातील मोंतोने या छोट्या गावाने, जेथे मराठी बोलणारे बहुधा कोणी नसावे, त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले.